मत माझं, पण आलं कुठून? चार आठवड्यांची वही

‘मला असं का वाटतं?’ हा प्रश्न पहिले तीन आठवडे स्वतःला विचारू नका. आत्मपरीक्षण म्हटलं की पहिला सुचतो तो हाच प्रश्न, त्यामुळे ही सूचना विचित्र वाटेल. अडचण अशी की ‘का’ विचारलं की मन ताबडतोब उत्तर हजर करतं, आणि ते बऱ्याचदा जागच्या जागी रचलेलं असतं. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या १९७७ सालच्या निबंधात याचा एक साधा नमुना आहे. दुकानात टेबलावर नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यांतला सर्वांत चांगला जोड निवडायला सांगितलं. चारही जोड हुबेहूब सारखे होते. तरी सर्वांत उजवीकडचा जोड ४० टक्के लोकांनी निवडला आणि सर्वांत डावीकडचा जेमतेम १२ टक्क्यांनी. कारण विचारल्यावर लोकांनी वीण, पोत, नीट शिवण असं काय काय सांगितलं. जोड कुठे ठेवला होता, याचा उल्लेख कुणीच केला नाही. ‘मांडणीचा परिणाम झाला असेल का?’ असं स्पष्ट विचारल्यावरही जवळपास सगळ्यांनी ते उडवून लावलं.

मोज्यांचं जे झालं तेच शाळा, सोनं, स्थळ, पक्ष, पथ्य-पाणी अशा सगळ्याच बाबतींत होतं. म्हणून आपली मतं आली कुठून ते शोधायच्या या चार आठवड्यांच्या पद्धतीत ‘का’च्या जागी ‘कुठून’ विचारायचं. कुठून ऐकलं, कधी, कुणाच्या तोंडून, कितव्यांदा? या प्रश्नांना मन सहज थापा मारू शकत नाही, कारण त्यांची उत्तरं वहीत पडताळता येतात.

लागणाऱ्या वस्तू

१०० पानी रेघांची वही, खिशात मावेल अशी एक छोटी डायरी, पेन, फूटपट्टी आणि रोजचा फोन. एका रविवारपुरती तीन वेगवेगळी मराठी वर्तमानपत्रं. शिवाय एक सोबती हवा. तो तुमच्या मतांचा नसला तर उत्तम, पण ऐकून घेणारा हवा. रोज १५ मिनिटं लागतात. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी तासभर काढून ठेवा.

वही कागदाचीच घ्या. फोनवर नोंद करायला जाल तर मध्येच एक नोटिफिकेशन येईल आणि ज्याची नोंद करायची तेच तुम्हाला ओढून नेईल. वही कुलपात ठेवायची सोय असेल तर ठेवा. घरात कुणी वाचेल अशी शंका असली की माणूस शोभेल तेच लिहितो.

१. बारा मतं लिहून काढा

पहिल्या दिवशी बसून १२ मतं लिहा. प्रत्येक मत एका वाक्यात, आणि तुम्ही घरात जसं बोलता तशा भाषेत. ‘शिक्षण महत्त्वाचं आहे’ हे मत झालं नाही, ती प्रार्थना झाली. ‘आर्ट्सला गेलं की पोरगं वाया जातं’ हे मत. पैसा, लग्न, शिक्षण, रंग-रूप, खाणं, आजारपण, शेजारी, दुसरी जात किंवा दुसऱ्या भाषेची माणसं, राजकारण, म्हातारपण यांतल्या निदान सहा विषयांवर प्रत्येकी एक तरी मत येऊ द्या.

प्रत्येक मतासमोर शून्य ते दहा असा खात्रीचा आकडा टाका. मग तीन रकाने मोकळे सोडा: शेवटचं कधी ऐकलं, स्वतः काय पाहिलं, आणि हे मत बदललं तर कोण रागावेल. तिसरा रकाना लोकांना गमतीचा वाटतो. चौथ्या आठवड्यात सर्वांत जास्त उपयोगी पडतो तोच.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे सभ्य मतं लिहिणं. समोर कुणी नसतानाही आपण जणू मुलाखतीला बसलेलो असतो. त्यावर उपाय म्हणून पहिली सहाच मतं बसून लिहा. उरलेली सहा पुढच्या दोन दिवसांत स्वतःच्या बोलण्यातून पकडा. ‘आजकाल सगळेच…’, ‘आपल्यात असं नसतं’, ‘चार लोकांत बरं दिसत नाही’, ‘कुठेतरी वाचलं होतं की…’ अशी सुरुवात तोंडून निघाली की पुढचं वाक्य जसंच्या तसं डायरीत उतरवा. ‘आपल्यात’ या शब्दाकडे विशेष लक्ष ठेवा. त्यात नेमकं कोण कोण धरलंय आणि कोण वगळलंय, हे लिहायला गेलं की हात अडखळतो.

२. सात दिवस फक्त नोंद, सुधारणा नको

पहिल्या आठवड्यात एकही सवय बदलायची नाही. वजन कमी करायला निघालेला माणूस आधी काट्यावर उभा राहतो, तसंच हे. हा आकडा हातात नसेल तर पुढचे बदल खरे की वाटण्यापुरते, ते कळणार नाही.

फोनचे आकडे फोनकडेच असतात. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ उघडा. तिथे प्रत्येक ॲपला किती वेळ गेला, किती नोटिफिकेशन आली आणि फोन किती वेळा अनलॉक केला, हे तिन्ही दिसतं. आयफोनवर हेच ‘स्क्रीन टाइम’मध्ये असतं, तिथे फोन उचलण्याच्या संख्येला ‘पिकअप्स’ म्हणतात. रोज रात्री तीन आकडे उतरवा: अनलॉक, नोटिफिकेशन आणि सर्वांत जास्त वेळ खाणारं ॲप. एकूण तासांपेक्षा अनलॉकचा आकडा जास्त बोलका असतो. तासभर सिनेमा पाहिला तर तो एक अनलॉक. रिक्षाची वाट बघताना, लिफ्टमध्ये, कुकरची शिट्टी होईपर्यंत जे चाळलं जातं ते बाकीचे. बेसावधपणी आत शिरतं ते याच वेळांत.

शिवाय दिवसातून दहा नोंदी डायरीत, दहाच. एका नोंदीत चार गोष्टी: वेळ, जागा, काय पाहिलं किंवा ऐकलं, आणि लगेच काय वाटलं. ‘८:४०, बसस्टॉप, पुतण्याच्या पॅकेजचं स्टेटस, पोटात ढवळलं.’ एवढं पुरे. जागेवर लिहा. रात्री आठवून लिहिलेल्या नोंदीत ‘वाटलं’च्या जागी ‘वाटायला हवं होतं’ ते येतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी आकड्यांची लाज वाटून फोन कमी वापरला जातो. तसं झालं तर तारखेपुढे खूण करा आणि आठवडा दोन दिवसांनी वाढवा.

३. एका मताचा माग काढा

दुसऱ्या आठवड्यात बारांपैकी तीन मतं निवडा. खात्रीचा आकडा आठ किंवा वर असलेली घ्या. माग उलटा काढायचा. ‘पहिल्यांदा कुठे ऐकलं?’ याचं उत्तर कुणाकडेच नसतं, म्हणून ‘शेवटचं कधी ऐकलं?’ इथून सुरुवात करा आणि एकेक पायरी मागे जा. सात-आठ पायऱ्या सापडतात. प्रत्येक पायरीला एक अक्षर द्या:

अ : स्वतःचा अनुभव
भ : भरवशाचं, त्या विषयातलं माणूस
र : रतीब, म्हणजे दूधवाल्यासारखं रोज दारात पडणारं, मागितलेलं नसलेलं
धा : धाक, ‘लोक काय म्हणतील’चा

एक मत सविस्तर पाहू. ‘मुलांना इंग्रजी माध्यमातच घालायला हवं.’ खात्री ९. शेवटचं कधी ऐकलं? परवा लिफ्टमध्ये, शेजारच्या काकूंनी विचारलं, “कुठल्या शाळेत टाकताय?” माध्यम त्यांनी विचारलंच नाही, ते गृहीत होतं. धा. त्याआधी एसटी स्टँडसमोरचा प्रवेशाचा फलक, टाय लावलेला मुलगा आणि ‘सीबीएसई पॅटर्न’. र. त्याआधी हळदीकुंकवाला चार जणी मुलांच्या शाळांची नावं घेत होत्या. र आणि धा दोन्ही. त्याआधी चुलतभावाची मुलं पाहुण्यांसमोर इंग्रजीत कविता म्हणताना आणि सगळे कौतुकाने बघताना. धा. आणखी मागे गेल्यावर स्वतःची पहिली मुलाखत सापडते. विषय येत होता, इंग्रजीत वाक्य जुळेना. अ, आणि ठसठशीत अ.

सगळ्या पायऱ्या एका पानावर मांडल्या की दिसतं, इथे दोन मतं एकमेकांना चिकटली आहेत. ‘इंग्रजी चांगलं यायला हवं’ याच्यामागे अनुभव आहे, ते पक्कं आहे. ‘त्यासाठी शाळेचं माध्यमच इंग्रजी हवं’ याच्यामागे मात्र एकही अ नाही, भही नाही. नऊची खात्री पहिल्याच्या जिवावर दुसऱ्याला मिळाली होती. एकदा सुटं झालं की तपासता येतं. जवळच्या दोन्ही माध्यमांच्या शाळांत जाऊन एकेक तास वर्गाबाहेर बसा. पाचवीतल्या मुलासमोर एक चित्र ठेवा आणि आधी मराठीत, मग इंग्रजीत वर्णन करायला सांगा. विज्ञानाचं पुस्तक उघडून एक परिच्छेद त्याच्या शब्दांत समजावून मागा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हेच माध्यम असावं असं म्हटलंय, तेही वाचून बघा. एवढं करून कुणी इंग्रजी माध्यमच निवडलं तरी बिघडत नाही. आता त्या निर्णयासमोर अ लिहिता येईल.

रतीब इतका का लागू पडतो? १९७७ सालचाच आणखी एक प्रयोग आहे, हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या मानसशास्त्रज्ञांचा. लोकांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा ६० विधानं दिली आणि प्रत्येक कितपत खरं वाटतं ते विचारलं. काही विधानं तिन्ही वेळा होती, बाकीची दर वेळी नवी. पुन्हा पुन्हा आलेली विधानं दर फेरीला जास्त खरी वाटू लागली, मग ती मुळात खरी असोत वा खोटी. ओळखीचं वाक्य मनाला वाचायला सोपं जातं, आणि तो सोपेपणा आपण खरेपणा म्हणून खपवून घेतो.

जाहिरातवाल्यांना हे प्रयोगाशिवायच ठाऊक होतं. साखरपुड्याला हिऱ्याची अंगठीच हवी, ही अमेरिकेतली ‘परंपरा’ घट्ट केली ती डी बिअर्स कंपनीच्या जाहिरातींनी, आणि ‘हिरा चिरंतन असतो’ हे त्यांचं घोषवाक्य आहे १९४७ सालचं. आपल्याकडे ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आली आणि नावातला ‘फेअर’ निघायला २०२० साल उजाडलं. गोऱ्या रंगाचं वेड क्रीमच्या कितीतरी आधीचं आहे, स्थळं बघताना ‘गोरीगोमटी’ म्हणायला कुणी क्रीमवाल्यांनी शिकवलं नाही. पण जुन्या धाकाला रोजचा रतीब मिळाला की काय होतं, ते घरातल्या मुलींना विचारा.

आणखी एक खबरदारी. र अक्षर मिळालं म्हणजे मत खोटं, असं मुळीच नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हेही तुम्ही ऐकूनच मानलंय. औषध, लस, पथ्य या बाबतींत डॉक्टरांवरचा भ हा चांगला भ आहे. वहीच्या भरात गोळ्या बंद करायच्या नाहीत.

४. फोनचा रतीब हातात घ्या

हे काम दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, एका संध्याकाळी ४० मिनिटांत होतं. आवृत्तीनुसार मेनूंची नावं थोडी इकडेतिकडे असतील.

यूट्यूब: सेटिंग्जमध्ये ‘वॉच हिस्ट्री’ आधी पुसा, मग बंद करा. आता होम पानावर शिफारशींचा बाजार दिसत नाही, पान जवळपास कोरं राहतं. मग शोधायचं ते टाइप करावं लागतं. त्या कोऱ्या पानासमोर बसून ‘आता काय बघू?’ हे सुचायला किती सेकंद लागतात ते मोजा आणि डायरीत लिहा. अख्ख्या फोनमध्ये याच्याइतका प्रामाणिक आरसा नाही.

इन्स्टाग्राम: फॉलोइंग फीड वापरा, त्यात फक्त तुम्ही निवडलेली खाती दिसतात. ‘कंटेंट प्रेफरन्सेस’मध्ये सुचवलेल्या पोस्ट ३० दिवस थांबवता येतात, आणि सुचवण्या पूर्ण रीसेटही करता येतात. फक्त रीसेट करून सोडलं तर काही दिवसांत मूळ पदावर येतं, कारण बोट तेच असतं. रागाने बघितलेला व्हिडिओही बघितलेलाच धरला जातो. ‘बघा काय मूर्खपणा चाललाय’ म्हणून शेवटपर्यंत पाहिलंत की त्याच छापाचं आणखी वाढून येतं. नको असेल तर मधेच सोडा आणि ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबा.

गूगल: ‘माय ॲड सेंटर’ उघडा. तुमचं वय, आवडी, कशात रस आहे याबद्दल कंपनीने काय अंदाज बांधलाय ते तिथे दिसतं. बंद करण्याआधी ती यादी वहीत उतरवा. काही अंदाज हास्यास्पद निघतील, काही अंगावर काटा आणतील.

नोटिफिकेशन: फोन, एसएमएस, बँक आणि घरच्या माणसांचे संदेश सोडून सगळी बंद. बातम्यांच्या ॲपची तर पहिली.

व्हॉट्सॲप: प्रायव्हसीत ‘ग्रुप्स’मध्ये ‘माय कॉन्टॅक्ट्स’ ठेवा, म्हणजे अनोळखी कुणी परस्पर ग्रुपात ओढणार नाही. मोठे ग्रुप कायमचे म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाका. कुटुंबाचा ग्रुप सोडू नका, फुकट रुसवेफुगवे होतात.

५. बातमी फूटपट्टीने मोजा

तिसऱ्या आठवड्यातला एक रविवार यासाठी ठेवा. तीन वर्तमानपत्रांची पहिली पानं शेजारी पसरा. प्रत्येक बातमी किती स्तंभ रुंद आणि किती सेंटिमीटर उंच, ते मोजा. जाहिरातींनी किती जागा घेतली तेही मोजा. मग तिन्हींत असलेली एक बातमी आणि एकाच ठिकाणी असलेली एक बातमी काढा.

मोजायचं कशासाठी? मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या माध्यम-अभ्यासकांनी १९६८ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत चॅपल हिल गावातल्या, कुणाला मत द्यायचं हे न ठरलेल्या १०० मतदारांना देशापुढचे महत्त्वाचे प्रश्न विचारले. मतदारांनी लावलेला क्रम आणि त्या काळात माध्यमांनी त्या प्रश्नांना दिलेल्या जागेचा क्रम जवळजवळ तंतोतंत जुळला. काय विचार करायचा हे बातमी सांगत नसेलही, पण कशाचा विचार करायचा हे ती ठरवून टाकते. म्हणून पहिल्या पानावर काय आहे यापेक्षा गेल्या महिनाभरात काय आलंच नाही, त्याची यादी जास्त शिकवते. तुमच्या गल्लीतलं पाणी, तालुक्याच्या दवाखान्यातली औषधं, मजुरी. अशा पाच गोष्टी लिहा आणि आठवडाभर आतली पानं शोधा.

मग मथळे. समजा, एकच घटना आहे. कांद्याच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला. एक मथळा होईल ‘कांदा उत्पादक रस्त्यावर’, दुसरा ‘रास्ता रोकोने प्रवाशांचे हाल’, तिसरा ‘महामार्गावर पाच किलोमीटर रांगा’. तिन्ही खरे असू शकतात. पहिल्यात वाक्याचा कर्ता शेतकरी आहे, दुसऱ्यात सोसणारा प्रवासी, तिसऱ्यात माणूसच नाही. मथळा वाचताना पेन्सिलने कर्त्याखाली एक रेघ मारा, ज्याचं नाव गाळलंय त्यासाठी समासात फुली. दहा मथळ्यांनंतर डोळ्याला सवय लागते आणि मग ती मोडत नाही.

जाहिरात ओळखणं हा वेगळाच अभ्यास आहे. पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’, ‘मीडिया मार्केटिंग इनिशिएटिव्ह’, ‘ॲडव्हर्टोरियल’ असं काही आहे का ते भिंग लावून बघा. अक्षय्य तृतीया, पाडवा, दसरा यांच्या आदल्या दिवसांत सोन्याच्या जाहिराती मोजा, आणि त्याच अंकांत ‘सोने खरेदीसाठी झुंबड’ अशी बातमी कितीदा येते तेही. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत उमेदवारांची स्तुती पैसे घेऊन बातमी म्हणून छापल्याचे आरोप झाले. ‘पेड न्यूज’ हा शब्द तेव्हा घराघरांत पोचला आणि प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१० मध्ये त्यावर अहवाल दिला. रीलवाल्यांसाठी जाहिरात मानक परिषदेने २०२१ पासून पैसे घेतलेल्या पोस्टवर तसं लेबल लावण्याचे नियम केलेत. लेबल असतं, पण अर्ध्या सेकंदात सरकवताना ते वाचतं कोण?

टीव्हीसाठी सोपी चाचणी. रात्रीच्या चर्चेचा आवाज दहा मिनिटं बंद करा. पडद्यावर किती चौकटी, किती जण एकाच वेळी ओठ हलवताहेत, ‘ब्रेकिंग’ची पट्टी किती वेळा लाल झाली, मोजा. मग आवाज लावा आणि सलग ३० सेकंद एकच माणूस बोलला का ते घड्याळ लावून बघा.

६. घर, सोसायटी, ग्रुप

माध्यमांना शिव्या देणं सोपं असतं. जेवणाच्या ताटाशेजारी बसलेल्या माणसांचं वजन तोलणं कठीण.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५१ पासून केलेले रेषांचे प्रयोग याबाबत ओळखीचे आहेत. एक रेषा दाखवायची आणि तिच्याएवढी दुसरी रेषा तिघींतून ओळखायची, शाळकरी पोरानेही चुकू नये असं काम. पण खोलीतल्या बाकीच्यांना आधीच पढवून ठेवलेलं, ते सगळे एकमुखाने चुकीची रेषा सांगायचे. चार माणसांमागे तिघांनी निदान एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांविरुद्ध उत्तर दिलं. त्याच प्रयोगाचा दुसरा भाग कामाचा आहे. खोलीत एक जण जरी खरं उत्तर देणारा असला तरी बहुमतापुढे मान तुकवण्याचं प्रमाण एकदम घसरलं. सोबती हवा असं सुरुवातीला म्हटलं ते यासाठी.

यातून दोन सवयी निघतात. सोसायटीच्या वार्षिक सभेला जाण्याआधी विषयपत्रिकेतल्या प्रत्येक मुद्द्यावर आपलं मत चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. सभेनंतर चिठ्ठी काढून बघा, हात कुठे वर गेला होता? मूल नसलेल्यांना, अविवाहितांना, मांसाहार करणाऱ्यांना घर भाड्याने द्यायचं की नाही असल्या मुद्द्यांवर चिठ्ठी आणि हात यांची हमखास फारकत होते. दुसरी सवय घरातली: बैठकीत मोठ्यांनी आधी बोलू नये. आजोबांनी मत दिलं की नातवंडांची मतं ऐकायला मिळतच नाहीत, मिळतो तो प्रतिध्वनी.

फॉरवर्डसाठी कडक नियम ठेवा. व्हॉट्सॲपवर दुहेरी बाण दिसला म्हणजे तो मजकूर निदान पाच टप्पे फिरून आलाय. असा मजकूर पुढे पाठवण्याआधी किमान एक तास थांबा, फोटो असेल तर गूगल लेन्सने मूळ शोधा, सरकारी योजना असेल तर पीआयबी फॅक्ट चेक, म्हणजे केंद्र सरकारची खरं-खोटं पडताळणारी सेवा, बघा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले होते ते. अफवा त्याआधी कितीतरी दिवस फोनवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली, आणि २०२० मध्ये दुहेरी बाणाच्या मजकुरासाठी ती एकावर आली. ज्यांनी त्या अफवा फॉरवर्ड केल्या असतील त्यांतल्या बहुतेकांना ‘खबरदारी म्हणून’ पाठवतोय असंच वाटलं असणार.

७. उलट बाजू लिहा

निवडलेल्या तीन मतांविरुद्ध प्रत्येकी १२ ओळी. टोमणे नकोत. सोबत्याला वाचायला द्या. उलट मताच्या माणसाने ‘हो, मला हेच म्हणायचं असतं’ म्हटलं की पास. पहिल्या खेपेला बहुतेकांचं सहा ओळींपुढे सरकत नाही. मग त्या माणसालाच विचारावं लागतं, आणि ते विचारणं हाच अर्धा फायदा.

८. फेरतपासणी

२८ व्या दिवशी पहिल्या दिवसाचे आकडे झाका आणि बाराही मतांना नव्याने खात्रीचे आकडे द्या. मग तुलना करा. मतं पालटली का, हे बघायचं नाही. नऊचं सहा झालं, एक मत दोनात फुटलं, एखाद्यासमोर ‘माहीत नाही’ लिहिलं गेलं, असे बदल झाले असतील तर वहीने काम केलंय. सगळे आकडे जसेच्या तसे असतील तर बहुधा मतं निवडताना सभ्यपणा आडवा आला. सहा नवी मतं घेऊन पुन्हा सुरू करा.

आता ‘हे मत बदललं तर कोण रागावेल’ हा रकाना उघडा, आणि या टप्प्यावर ‘का’ विचारायला हरकत नाही. ज्या मतासमोर सासू, साहेब, मित्रांचा कट्टा, समाजाचं मंडळ असं नाव आहे आणि अ एकही नाही, ते मत तुम्ही विचार म्हणून बाळगत नसून भाडं म्हणून भरत असता. भाडं भरायचं की नाही हा व्यवहाराचा प्रश्न आहे, कधीकधी भरावंच लागतं. पण पावतीवर नाव बरोबर असावं.

या टप्प्यावर लोक तीन ठिकाणी घसरतात. काहींना ‘सगळंच खोटं, सगळेच विकले गेलेत’ असं वाटू लागतं. तसं वाटलं की एखाद्या बातमीचा मूळ सरकारी आदेश किंवा न्यायालयाचा निकाल शोधून वाचा, किती भाग बरोबर होता ते दिसेल. काही जण टीव्ही, पेपर, फोन सगळं सोडतात, मग तोच माल शेजाऱ्याच्या तोंडून येतो आणि त्यावर लेबलही नसतं. आणि काहींना वही झाली की बाकीचे लोक मेंढरं वाटू लागतात. हे तिसरं सर्वांत त्रासदायक, घरच्यांना तर फारच. त्यांनी पुढचे १४ दिवस दुसऱ्याच्या मताचा माग काढू नये.

लिहिताना जुनं काही वर येऊन झोप उडाली, घालमेल वाढली, तर वही बाजूला ठेवा. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं.

पुढची फेरी सहा महिन्यांनी. तारीख ठरवताना निवडणुकीच्या प्रचाराचे दिवस, लग्नसराई किंवा दहावी-बारावीच्या निकालाचा आठवडा मुद्दाम निवडा. त्या दिवसांत रतीब दुप्पट असतो, आणि सात दिवसांत भरणाऱ्या नोंदी तीन दिवसांत भरतात. डायरी तेव्हा जाडच घ्या.